हरणं हाकलणाऱ्याला घेऊन हरणं बघायला

आमच्या भागात माणूस उगाच कुठं जात नाही. लग्न, मयत, दवाखाना, बाजार, कोर्टाची तारीख नाहीतर देव, यातलं एक कारण हातात असेल तरच घराला कुलूप लागतं. म्हणून त्या दिवशी पहाटे साडेचारला मुडबीत, माझ्या माहेरी, दारातून गाडी बाहेर काढताना शेजारच्या गंगाअक्का लुगड्याचा पदर सावरत धावत आल्या.

"कोण गेलं गं?"

"कोण न्हाई, अक्का. बीदरकडं हरणं बघायला जायलोत."

त्यांनी आधी माझ्याकडं, मग मागं बसलेल्या माझ्या आईकडं, अव्वाकडं, नीट निरखून बघितलं. "हरणं? मग आपल्या शेतात जावा की. पेट्रोल कामून जाळायलाव?"

याला खरं उत्तर होतं, पण ते अप्पांसमोर, म्हणजे आमच्या वडिलांसमोर, सांगण्यासारखं नव्हतं.

ते तुम्हाला सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.ए., बी.एड., आता आळंद तालुक्यात निंबर्ग्याला, माझ्या सासरी, हायस्कूलला शिकवते. गाडी माझी आहे, जुनी आहे आणि मीच चालवते. या तिन्ही गोष्टी मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझी धाकटी बहीण भागू माझ्यापेक्षा हुशार. तिला वनशास्त्राच्या पदवीला जायचं होतं, पार तिकडं पश्चिम घाटातल्या मलनाडात, एका रात्रीच्या बसप्रवासाएवढ्या लांब. अर्ज भरायची मुदत सोमवारी संपत होती आणि अर्जावर वडिलांची सही पाहिजे होती. अप्पांची सही मी हुबेहूब करते, शाळेत असताना दोनदा केलेली आहे. पण भागू म्हणाली, "न्हाई अक्का. चोरून जायचं न्हाई मला."

अप्पांचा विरोध लांबीला नव्हता, मुलगी असण्यालाही नव्हता. मला शिकवलंच की त्यांनी. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "तीस वर्षं मी हरणं हाकलायलोय. रातभर शेतातल्या माळ्यावर बसून घसा फोडलाय. आन माझी पोरगी त्यांना सांभाळायचं शिकणार? म्हणजे ती तिकडून सोडणार, मी हिकडून हाकलणार!"

मग मी बेत केला. अप्पांना एक दिवस हरणं अशा ठिकाणी दाखवायची, जिथं त्यांचं काही खाल्लं जात नाही. शेताबाहेरचं हरीण अप्पांनी जन्मात बघितलेलं नव्हतं. तो रविवार होता. एकच दिवस हातात होता.

हुमनाबाद

अप्पा पुढच्या सीटवर बसले. बसवकल्याण येईपर्यंत त्यांनी आपल्या बाजूला नसलेला ब्रेक इतक्या वेळा दाबला की चप्पल निघून सीटखाली गेली. समोरून ट्रक दिसला की ते "हां, हां, हां" म्हणायचे, जसं बैलाला म्हणतात. गाडी बैलापेक्षा जास्त ऐकत होती, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बैल खड्डा बघून चालतोय."

हुमनाबादला उजाडलं. नाष्ट्याला सुसला आणि मिरची भजी. ज्यांनी सुसला खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते: चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-दाळव्याच्या कुटात परततात. लातूर-उदगीरकडं यालाच सुशीला म्हणतात आणि आमच्यापेक्षा चांगला करतो असं समजतात. समजू द्यावं. मिरची भजी मात्र आमच्याकडचीच. तीन भजी खाल्ली की माणूस कुणाशीही खरं बोलायला तयार होतो.

अप्पांनी चार खाल्ली आणि खरं बोलले. "नंदे, ही सहल कशासाठी हाय?"

"सुट्टी हाय म्हणून."

"हं," म्हणाले, आणि पाचवं भजं घेतलं. भागू खाली मान घालून सुसल्यातले शेंगदाणे वेचत बसली होती.

हुमनाबाद सोडलं की माती रंग बदलत जाते. आमची काळी, चिकट, पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी. बीदरच्या बाजूला ती हळूहळू तांबडी होते आणि शेवटी विटेसारखी लाल. नकाशात बीदर कर्नाटकाच्या अगदी वर, उत्तरेच्या टोकाला बसलेलं आहे. उन्हाळ्यात तिथला माळ बघितला तर वाटतं, सगळ्या राज्याचं ऊन आधी इथं उतरवून घेतात आणि मग खाली वाटतात. पिवळं गवत, मधूनच बोरीची खुरटी झुडपं, पानं झडलेले पळस. आणि मोकळं आभाळ, मन मानेल तेवढं.

वाटेत एक कोल्ह्यासारखं जनावर रस्त्याकडेला उभं राहून आमच्याकडं बघत होतं. "कोल्हं," अप्पा म्हणाले.

"खोकड," भागू म्हणाली. "शेपटीचं टोक काळं हाय बघा."

अप्पांनी मागं वळून टोक बघितलं. काळं होतं. मी मनात भागूच्या बाजूला एक गुण टाकला.

माळरान

बीदरच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत गेलो. तिथं जंगलखात्याचे वॉचर मस्तानचाचा भेटले. पांढरी दाढी, खाकी शर्ट, खाली लुंगी. त्यांची दखनी उर्दू ऐकली की वाटतं हा माणूस रागावलाय, आणि तो खरं म्हणजे पाणी विचारत असतो. त्यांनी गाडी एका निंबाखाली लावायला लावली आणि बोटानं दाखवलं: समोर दीडशे पावलांवर सिमेंटचा एक उथळ हौद होता. "वहां पानी पीने कू आते. बैठो, बात नक्को करो."

अप्पांनी हौद बघितला. "ह्यात पाणी कुठून येतंय?"

"टँकर से."

"हरणांना टँकर?" अप्पांचा आवाज चढला. "आमच्या गल्लीत टँकर यायला सरपंचाच्या दारात बसावं लागतंय, आन हितं हरणं बसून टँकर मागवतेत?"

"अप्पा, हळू," भागू म्हणाली. मी टाकलेला गुण परत काढून घेतला.

हौदापासून थोड्या अंतरावर एक माणूस गवतात पालथा पडलेला होता. अव्वा घाबरली. "त्याला ऊन लागलंय काय गं? पाणी द्या कुणीतरी." तो हैदराबादहून आलेला फोटोवाला होता, हे मस्तानचाचांनी सांगितलं. उजाडायच्या आधीपासून तो तसाच पडून होता. पुढं लांबलचक कॅमेरा. तरी अव्वाचा विश्वास बसेना. मी तिला माझी दुर्बीण दिली. तिनं आधी त्या माणसाची पाठ हलताना बघून खात्री केली, मग दुर्बीण फिरवून लांबच्या वस्तीवर धरली आणि तिथंच रमली. "त्या बाईनं भांडी घासायला राख घेतलीया. अजून राख वापरतेत की लोक!" हरणांसाठी आणलेली दुर्बीण पाऊण तास त्या वस्तीच्या संसारात होती.

आणि मग ती आली.

आधी एक मादी, मग दुसरी, मग आठ-दहा. मागून नर. काळवीट हे नाव किती बरोबर आहे, हे तो उन्हात उभा राहिला तेव्हा कळलं. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं शुभ्र आणि डोक्यावर पिळाची दोन शिंगं. चालतच नव्हता तो. जमिनीवर पाय ठेवायला मिळतो ही जमिनीचीच मेहरबानी समजावी, असा येत होता. भागूनं माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती, पण मी हात काढला नाही. गवतातल्या फोटोवाल्यानं श्वास घेणं बंद केलं असावं. पहिल्या मादीनं मान खाली घातली. ओठ पाण्याला लागणार, तेवढ्यात...

"हुर्रर्रर्रर्र! हाऽऽऽ! हाऽऽऽ हा हा!"

माझ्या कानाच्या शेजारून गेला तो आवाज. अप्पा उभे. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून गरगर फिरतोय आणि तोंडातून ती आरोळी निघतेय, जिच्यानं आमच्या शिवारातली डुकरंसुद्धा मागं न बघता पळतात. हरणं तर हवेत गेली. एकेक उडी पुरुषभर उंच. बघता बघता सगळा कळप माळाच्या टोकाला धुरळ्यात विरून गेला.

अप्पांचा टॉवेल अजून वर होता.

"तोंडातनं आपोआप गेलं," ते म्हणाले.

फोटोवाला उठून बसला. त्याच्या तोंडातून काहीच आलं नाही, आणि तेच वाईट होतं. मस्तानचाचांच्या तोंडातून मात्र आलं. "क्या किए जी काका! लोगां हिरन देखने कू आते, तुम भगाने कू आए क्या? इत्ती दूर से?"

अव्वाला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती निंबाच्या बुंध्याला टेकली आणि गदागदा हलत राहिली. मीही हसले असते. पण भागू हसत नव्हती. तिच्याकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की अर्ज त्या धुरळ्यातून कळपाबरोबरच गेला. अप्पांना कुणी चारचौघात बोललेलं खपत नाही, आणि इथं तर दोन मुलींसमोर, परक्या माळावर. त्यांचा चेहरा मातीपेक्षा लाल झाला होता.

"चला," ते म्हणाले. "झालं बघून. गाडी काढ, नंदे."

आता गेलो असतो तर हा विषय आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नसता. मी पदवीधर आहे, पण त्या क्षणी जे सुचलं ते कॉलेजात शिकवत नाहीत. मी पर्स उघडली, झटकली, परत झटकली.

"किल्ली न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"हितंच कुठंतरी पडली. गवतात."

किल्ली माझ्या कमरेला, साडीच्या निऱ्यांत खोचलेली होती. वाकून गवत चाळताना ती खुळखुळू नये म्हणून मी पोट आत ओढून घेतलं होतं. सगळे शोधायला लागले. मस्तानचाचासुद्धा, शिव्या देत. अव्वा माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "कमरेला काय वाजायलंय गं तुझ्या?"

"गप बस अव्वा."

"मी काय म्हणायले? जरा घट्ट खोच."

असे पंधरा मिनिटं आम्ही नसलेली किल्ली शोधत होतो. अव्वा सगळ्यांत पुढं, बोरीच्या झुडपापाशी गेली होती. ती एक पाय उचलून तशीच थांबली.

"अगं बाई. हिकडं या. हळू या."

तिच्या पायापासून हातभर अंतरावर पिल्लू होतं. गवताच्या रंगाचं, गवतातच ओतल्यासारखं. हनुवटी जमिनीला टेकवलेली, कान मागं चिकटवलेले. फक्त नाकपुड्या हलत होत्या. आमच्यातलं कुणीही दहा वेळा त्याच्यावरून गेलं असतं तरी ते हललं नसतं.

"सरका," अप्पा एकदम बोलले. आवाज वेगळाच. "हात लावू नका कुणी. सावली पाडू नका त्याच्यावर. आलाव तसंच मागं चला, एकामागं एक."

आम्ही मागं सरलो. मस्तानचाचा शिवी अर्धी सोडून अप्पांकडं बघायला लागले.

"एक मादी पळताना दोनदा मागं वळून बघायली होती," भागू म्हणाली. "मला वाटलंच."

"मला बी दिसली," अप्पा म्हणाले.

निंबाखाली येऊन बसलो. अव्वानं पाणी पिलं, तोंड पुसलं आणि मस्तानचाचांना म्हणाली, "ह्यांचं दरसाली हेच हाय बघा, भाऊ. ज्वारी काढताना असलं पिल्लू दिसलं की त्याच्याभोवतीची चार सरी ताटं उभी ठेवतेत. बायका म्हणतेत काढा की, तर म्हणतेत, त्याची माय येऊ दे आधी. गावात सगळे तसंच करतेत, पण ह्यांची चार सरी आठ व्हतेत."

भागूनं अप्पांकडं बघितलं. मीही. शिकायला गेल्यापासून सुगीत मी शेतावर कधी नव्हते, आणि भागू दिवसभर शाळेत. अप्पांनी सोडलेल्या ज्वारीच्या ताटांबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"पिल्लानं काय खाल्लंय कुणाचं?" अप्पा टॉवेल झटकत म्हणाले. "मोठं झाल्यावर हाकलतो की."

"कॉलेजात हेच शिकवतेत अप्पा," भागू म्हणाली. हळू, पण सरळ त्यांच्याकडं बघून.

"मग कॉलेज कशाला पाहिजे? मी शिकवतो. फुकट."

"चार सरी सोडायचं तुम्ही शिकवताव. सगळ्या गावांची शेतं आन सगळे कळप, दोन्ही जगवायचे असले तर कुठली सरी सोडायची, हे तुम्हाला ठाव हाय का?"

अप्पा टॉवेलची घडी घालायला लागले. किल्लीबद्दल आता कोणी विचारत नव्हतं.

थोड्या वेळानं मस्तानचाचा उठले. "अब्बी नै आते जी. डर गए. शाम कू आएंगे."

"येतेत," अप्पा म्हणाले. "तासाभरात. पाणी प्यायचं राहिलंय, आन पिल्लू हितं हाय. पण ह्या अंगानं न्हाई येणार. वारं हिकडून हाय, माणसाचा वास जायलाय. त्या बांधाला वळसा घालून पलीकडून येतेत. आधी ती मादी एकटी येती."

मस्तानचाचा हसले. फोटोवाला हसला नाही. त्यानं अप्पांकडं बघितलं, बांधाकडं बघितलं, कॅमेरा उचलला आणि जागा बदलून बांधाच्या रोखानं पालथा पडला. ज्या माणसानं आपली पहाट वाया घालवली, त्याच्याच शब्दावर दुपार लावायची, याला छाती लागते.

अप्पांनी आम्हालाही निंबाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. अव्वानं त्यांच्या टॉवेलचं एक टोक आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवलं. "भरवसा न्हाई तुमचा," ती म्हणाली.

बांधामागून ती मादी एकटी आली. तासही झाला नव्हता. थांबत, वास घेत, चार पावलं, पुन्हा थांबत. हौदाकडं तिनं बघितलंही नाही. सरळ बोरीच्या झुडपापाशी गेली. गवत हललं आणि त्यातून काडीसारखे चार पाय उभे राहिले. पिल्लानं आईच्या पोटाखाली अशी धडक मारली की ती बिचारी पाऊलभर पुढं सरकली. मग बाकीचे आले. सगळ्यांत शेवटी नर. सगळ्यांनी पोटभर पाणी पिलं. टँकरचं.

मी अप्पांकडं बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. टॉवेलचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच मुठीत धरून ठेवलं होतं.

कळप गेल्यावर फोटोवाला धावत आला. त्यानं अप्पांना कॅमेऱ्यातलं पिल्लू दाखवलं आणि विचारलं, "आप फॉरेस्ट में थे क्या, अंकल?"

"नै जी," अप्पा म्हणाले. "मैं तो खेत में था. उनके सामने."

तळ्याकाठी, आणि परत

किल्ली सापडली. मीच ‘शोधली’, सीटच्या फटीत. अप्पा काही बोलले नाहीत. अव्वा बोलली, "बरं झालं, पोट मोकळं झालं असंल तुझं."

दुपारचं जेवण एका तळ्याकाठी, मोठ्या निंबाखाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी, दही आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि चार दिवस टिकते, म्हणून आमच्याकडं प्रवासाला दुसरं काही न्यायची पद्धत नाही. मस्तानचाचांनाही आग्रहानं आणलं होतं. ते आणि अप्पा कुठल्या वाऱ्याला कोणतं जनावर कुठून येतं यावर असे भांडत होते, जसे दोन व्याही मानपानावरून भांडतात. पाण्यात चित्रबलाक उभे होते, गुलाबी शेपटीचे, वाकडी चोच उघडी ठेवून मासा स्वतःहून तोंडात येण्याची वाट बघत. "आमच्या ग्रामपंचायतीसारखे," अप्पा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा पहिला विनोद. भागूनं तळ्यावरच्या सगळ्या पक्ष्यांची नावं सांगितली आणि अप्पांनी एकही दुरुस्त केलं नाही. पण अर्जाचं नावही काढलं नाही. भागूची अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली.

परतताना अप्पा ब्रेकही दाबत नव्हते, त्याचीच मला जास्त काळजी वाटत होती. हुमनाबादच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. ऊन उतरायला लागलं होतं. टपरीवाला म्हातारा, कन्नड बोलणारा. कुठून आलाव, कुठं जायलाव, अशी चौकशी करता करता त्यानं विचारलं की ह्या पोरी कोण.

अप्पांनी बशीत चहा ओतला. माझ्याकडं बोट करून कन्नडमध्ये म्हणाले, ही थोरली, मास्तरीण, गाडी बेताची चालवते. मग भागूकडं.

"नम्म सण्ण मगळु री," आमची धाकटी हो, असं म्हणून ते पुढं बोलत राहिले, जणू गोष्ट वर्षभरापूर्वी ठरलेली आहे आणि सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. ही जंगलाचं शिकायला चाललीय. मलनाडात. साधं काम नाही ते, फार बघावं लागतं.

भागूचा कप ओठापाशी तसाच थांबला. मी काही बोलायला गेले तर अव्वानं बाकाखालून माझा पाय दाबला.

टपरीवाल्यानं मान डोलावली. "मलनाडात? तिकडं पाऊस लई. चार-चार महिने थांबत नाही म्हणतात. छत्री चांगली घेऊन द्या पोरीला."

अप्पांनी बशी खाली ठेवली. सकाळपासून पहिल्यांदा ते पूर्ण वळून भागूकडं बघत होते.

"एक छत्री पुरंल का गं?" त्यांनी विचारलं.

भागूनं नुसती मान हलवली, ती हो होती का नाही ते कुणालाच कळलं नाही.

"दोन घ्या," अव्वा म्हणाली. "एक ती हरवणारच हाय."